‘धातू जाते’ ही भीती नेमकी किती जुनी?

मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो. पाडव्याच्या दिवशी माझा चुलतभाऊ मला गाडीवर बसवून शेतात घेऊन गेला. बागायत दाखवायची आहे म्हणाला. विहिरीच्या कठड्यावर बसल्यावर मात्र बागायतीचं नावच नाही. थोड्या वेळाने म्हणाला, “दादा, तू आयुर्वेदाच्या इतिहासावर कायतरी करतोयस ना? एक विचारू का? पण घरी बोलू नको.”

त्याचं वय २६. फाल्गुनात लग्न ठरलेलं. गेली चार वर्षं त्याला वाटतंय की आपली धातू जाते, म्हणजे लघवीतून, झोपेत वीर्य जातं आणि त्यामुळे शरीर पोकळ होत चाललंय. कंबर दुखते, अभ्यासात लक्ष लागलं नाही, वजन वाढत नाही, सगळ्याचं कारण तेच. तालुक्याच्या गावी कुणाकडून तरी त्याने चूर्णाचा ‘कोर्स’ घेतला. मग दुसरा, मग तिसरा. मिळून ११,००० रुपये गेले. चूर्ण देणाऱ्याने त्याला सांगितलं होतं की रक्ताचे चाळीस थेंब आटतात तेव्हा वीर्याचा एक थेंब होतो, आणि हे आपल्या हजारो वर्षांपूर्वीच्या ग्रंथांत लिहिलेलं आहे.

“खरंच लिहिलंय का रे तसं?” त्याने विचारलं.

त्या दिवशी मी त्याला नीट उत्तर देऊ शकलो नाही. ‘घाबरू नको, डॉक्टरला दाखव’ एवढंच म्हणालो. मराठी छापील साहित्यातला आरोग्यविषयक सल्ला हा माझ्या पीएचडीचा विषय. काळ साधारण १८७० ते १९५०. म्हणजे या भीतीच्या जाहिराती मी रोज वाचतो. पण जाहिराती ज्या ग्रंथांचं नाव घेतात ते ग्रंथ मी तोवर तुकड्यातुकड्याने पाहिले होते. परत आल्यावर ते नीट वाचायला घेतले. हा लेख म्हणजे त्याच्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

आधी ग्रंथात काय आहे ते पाहू

आयुर्वेदाची आठ अंगं सांगितली जातात. त्यातलं एक वाजीकरण. वाजी म्हणजे घोडा. पुरुषाला घोड्यासारखं सामर्थ्य देणारं ते वाजीकरण, असा त्याचा सरळ अर्थ. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिला अध्याय रसायनाचा आणि दुसराच वाजीकरणाचा. ज्वर, रक्तपित्त वगैरे रोगांचे अध्याय त्यानंतर सुरू होतात. हा क्रम महत्त्वाचा आहे. रसायन आणि वाजीकरण हे प्रामुख्याने निरोगी माणसासाठी आहेत, त्याचं बळ वाढवण्यासाठी. आजच्या जाहिरातीत वाजीकरण म्हणजे रोग्याचं औषध असतं. चरकात ते मुख्यतः धडधाकट माणसाचं पोषण आहे.

हा अध्याय चार पादांत विभागलेला आहे आणि त्यातले योग वाचताना आपण स्वयंपाकघरात शिरलोय असं वाटतं. दूध, तूप, साखर, उडीद, साळीचा भात, अंडी, मासे, कोंबडी. एका पादाचं नावच माषपर्णीवर आहे. माषपर्णीची पानं खाऊ घातलेल्या गाईचं दूध प्यावं, असं तिथे सांगितलंय. खाजकुयली, शतावरी यांसारख्या वनस्पती आहेत, पण त्याही बहुतेक वेळा दुधातुपात शिजून येतात. आणि यातलं काहीही घेण्याआधी शरीर शुद्ध करा, असा स्पष्ट आदेश आहे. मळक्या कापडावर रंग चढत नाही, तसे मलिन देहात हे योग लागू पडत नाहीत, असा दाखला ग्रंथकार देतो. एक पुडी घ्या आणि रात्रीत फरक बघा, हा प्रकार नाही.

मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं ते चौथ्या पादाच्या सुरुवातीचं. तिथे म्हटलंय की माणसं मुळातच वेगवेगळी असतात. कुणी अंगाने किरकोळ असूनही बलवान आणि पुष्कळ मुलंबाळं असलेला असतो, कुणी धिप्पाड असून तसा नसतो. कुणी चिमण्यासारखा वारंवार संग करतो, कुणी हत्तीसारखा क्वचितच. म्हणजे ‘नॉर्मल किती’ या प्रश्नाला एकच आकडा नाही, ही गोष्ट तिथे उपचारांच्या आधी येते. ही दोन वाक्यं कुणी त्या चूर्णाच्या डबीवर छापली असती तर माझ्या भावाचे बरेच पैसे वाचले असते.

सुश्रुतसंहितेतही वाजीकरणावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात क्लैब्याचे, म्हणजे नपुंसकत्वाचे, सहा प्रकार सांगितलेत. त्यात पहिला प्रकार कोणता असेल? मानस. मनाला न रुचणाऱ्या गोष्टींमुळे मन दुखावलं, किंवा जिच्याविषयी मनात द्वेष आहे अशा स्त्रीशी संबंध आला, तर हे क्लैब्य येतं असं सुश्रुत म्हणतो. म्हणजे ताण, भीती, नकोसं नातं ही कारणं आजच्या मानसोपचारतज्ज्ञाने नव्याने शोधलेली नाहीत. ती यादीत आधीच होती, आणि पहिल्या नंबरावर होती.

आता चाळीस थेंबांकडे येऊ. आयुर्वेदात सात धातू आहेत: रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र. अन्नापासून रस, रसापासून रक्त, असं करत शेवटी शुक्र तयार होतं. सुश्रुताच्या हिशेबाने या सगळ्या प्रवासाला महिनाभर लागतो. शुक्र हा शेवटचा धातू, म्हणून त्याला मान आहे, यात शंका नाही. पण थेंबांचा तो दर? चरकाच्या शारीरस्थानात शरीरातल्या द्रव पदार्थांची मापं ओंजळीने दिलेली आहेत, ज्याच्या त्याच्या ओंजळीने. त्यात रक्त आठ ओंजळी आणि शुक्र अर्धी ओंजळ आहे. हा साठ्याचा अंदाज आहे. इतकं रक्त आटवून इतकं वीर्य, असा दर तो नाही. आणि गुणोत्तर काढायचंच म्हटलं तरी ते सोळास एक येतं. चाळीस नाही आणि शंभरही नाही.

आणि अडवणं हाच रोग

चरकाच्या सूत्रस्थानाचा सातवा अध्याय माझ्या भावाला वाचून दाखवावा असा आहे. त्यात शरीराचे तेरा नैसर्गिक वेग सांगितलेत, जे अडवू नयेत: लघवी, शौच, शिंक, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप वगैरे. त्याच यादीत शुक्राचा वेगही आहे. तो अडवला तर लिंगात आणि वृषणात वेदना होतात, अंग मोडून येतं, हृदयात दुखतं, लघवी अडते, असं तिथे म्हटलंय. त्यावर उपाय म्हणून तेलाचं मालीश, कोमट पाण्यात बसणं, कोंबडी, भात, दूध, मद्य अशी यादी आहे, आणि शेवटी मैथुनही आहे. अंगदुखीचं खापर जाहिरात ‘जाण्यावर’ फोडते. इथे ते ‘अडवण्यावर’ फुटलंय.

पण इथे थांबलं तर मी प्रामाणिक ठरणार नाही. त्याच चरकाने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानलेत. राजयक्ष्म्याची, म्हणजे क्षयाची, कथा सांगताना चंद्र रोहिणीत इतका गुंतला की झिजून गेला, असं तो सांगतो. अतिरेकाने शुक्र क्षीण होतं आणि त्यातून रोग होतात, हे या ग्रंथांना मान्य आहेच. वाग्भटाने तर अष्टांगहृदयात ऋतूंप्रमाणे वेळापत्रक दिलंय: हिवाळ्यात मनाप्रमाणे, वसंतात आणि शरदात तीन दिवसांनी, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात पंधरवड्याने. म्हणजे जपून वागा हा सल्ला जुना आहे. पण ‘पचेल तेवढं जेवा’ आणि ‘प्रत्येक घासाने तुम्ही मरताय’ यांत जेवढा फरक आहे, तेवढाच फरक इथे आहे.

वीर्य पडणं म्हणजे मरण, ते धरून ठेवणं म्हणजे जीवन, हा टोकाचा विचार आपल्याकडे आहे, पण तो मुख्यतः हठयोगाच्या परंपरेत. तो संसार सोडलेल्या साधकासाठी होता. वैद्याकडे येणारा माणूस संसारी होता आणि बहुतेक वेळा त्याला मूल हवं होतं. निपुत्रिक माणूस म्हणजे एकाच फांदीचं, सावली नसलेलं झाड, असं चरक म्हणतो, ते याच जगातून. या दोन वेगळ्या दुकानांचा माल पुढे एकाच पिशवीत भरला गेला.

वैद्यकातही काळाबरोबर भर बदलला. मध्ययुगातल्या शार्ङ्गधरसंहितेत शुक्र वाढवणारी, शुक्राला चालना देणारी आणि शुक्र थोपवणारी द्रव्यं वेगवेगळी सांगितली जातात. थोपवणारं म्हणून जायफळ येतं. अफूसारखी द्रव्यंही तोवर वैद्यकात आलेली दिसतात. ‘किती वेळ टिकतं’ हा प्रश्न हळूहळू पुढे येत होता.

आणि हो, जुना काळ म्हणजे सुवर्णयुग, असंही मला म्हणायचं नाही. एवढं दूधतूप आणि मांस परवडणारा माणूस कोण असेल ते उघड आहे. ‘मनाला आवडणारी स्त्री हेच उत्तम वाजीकरण’ असं चरक म्हणतो तेव्हा स्त्री ही औषधाच्या यादीतली एक वस्तू होऊन बसते. तिला काय हवंय, हा प्रश्न त्या अध्यायाला फारसा पडत नाही.

चाळीसचा आकडा मला कुठे सापडला

चाळीस हा आकडा मला एका वेगळ्याच पुस्तकात सापडला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये ‘ओनानिया’ नावाचं एक निनावी पुस्तक निघालं. हस्तमैथुन हे पाप आहे आणि त्यातून भयंकर रोग होतात असं ते सांगायचं, आणि त्यावरची औषधंही सुचवायचं. पुस्तक प्रचंड खपलं. मग १७६० मध्ये तिसो या स्विस डॉक्टरने याच विषयावर फ्रेंच ग्रंथ लिहिला आणि पापाचं रूपांतर वैद्यकात केलं. एक औंस वीर्य गेल्याने जेवढा अशक्तपणा येतो तेवढा चाळीस औंस रक्त गेल्यानेही येत नाही, हे वाक्य तिसोच्या ग्रंथात आहे. तोसुद्धा ते आधीच्या सर्व काळच्या वैद्यांच्या नावावर सांगतो. म्हणजे ‘आमच्या प्राचीनांनी सांगितलंय’ ही सवय एकट्या आपली नाही.

पुढे १८३६ ते १८४२ या काळात माँपेलियेचा डॉक्टर लालमाँ याने वीर्य नकळत ‘गळण्याच्या’ रोगावर मोठा ग्रंथ लिहिला. या रोगाला ‘स्पर्मॅटोरिया’ म्हणत. त्याचा उपचार काय? मूत्रमार्ग आतून सिल्व्हर नायट्रेटने भाजणं. लंडनचा डॉक्टर अ‍ॅक्टन याने १८५७ मध्ये याच धर्तीचं पुस्तक काढलं आणि त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. थकवा, कंबरदुखी, स्मरणशक्ती कमी होणं, नजर चुकवणं, एकलकोंडेपणा, ही लक्षणांची यादी त्या काळातल्या युरोपीय पुस्तकांत वाचताना मी चमकलो. विहिरीच्या कठड्यावर ऐकलेली यादी जवळजवळ तीच होती.

आपल्याकडे ही पुस्तकं एकोणिसाव्या शतकात इंग्रजी वैद्यकाबरोबर आली. आता गंमत बघा. इंग्रजी पुस्तकातला हा ‘रोग’ देशी भाषेत सांगायचा तर शब्द लागणार. धातू, वीर्यनाश, प्रमेह, धातुक्षय हे शब्द आपल्याकडे तयारच होते. जुन्या शब्दांच्या भांड्यात नवा माल ओतला गेला. शब्द संस्कृत असल्यामुळे रोगही प्राचीन वाटू लागला.

टपालाने आलेलं पौरुष

मुंबईत तेव्हा काय चाललं होतं ते लक्षात घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही. गिरण्या निघाल्या होत्या. कोकणातून, देशावरून तरुण मुलं एकेकटी मुंबईला येत होती. बायको गावी, आणि इथे एका खोलीत दहा-बारा जण. शिकलेला वर्ग कचेऱ्यांत कारकुनी करत होता. छापखाने वाढले होते, वर्तमानपत्रं आणि मासिकं स्वस्त झाली होती. आणि १८७७ पासून टपाल खात्याने व्ही.पी.पी. सुरू केली, म्हणजे पार्सल हातात आल्यावर पोस्टमनला पैसे द्यायचे. लाजेच्या रोगाला याहून सोयीची यंत्रणा नाही. वैद्याला तोंड दाखवायला नको, गल्लीत कुणाला कळायला नको.

या जाहिरातींवर डग्लस हेन्स या इतिहासकाराने २०१२ मध्ये एक महत्त्वाचा लेख लिहिला. १९०० ते १९४५ या काळात पश्चिम भारतात कामशक्तीच्या औषधांच्या जाहिराती पुरुषत्वाची कोणती कल्पना विकत होत्या, हा त्याचा विषय. जामनगरच्या मणिशंकर गोविंदजी यांच्या ‘आतंकनिग्रह’ गोळ्या आणि बर्लिनच्या ‘ओकासा’ गोळ्या एकाच बाजारात विकल्या जात होत्या. एकीकडे ऋषिमुनी आणि आयुर्वेद, दुसरीकडे जर्मन विज्ञान आणि ग्रंथींचे अर्क. पण ग्राहक तोच, आणि त्याची भीतीही साधारण तीच.

मी मराठी जाहिराती वाचतो तेव्हा एक साचा पुन्हा पुन्हा दिसतो. आधी लक्षणांची लांब यादी. ती अशी असते की कुठल्याही दमलेल्या तरुणाला त्यातली चार-पाच लागू पडावीत. मग ‘तारुण्यातल्या चुका’ असा शब्द, जो काही न सांगता सगळं सांगतो. मग प्राचीन ग्रंथाचं नाव. मग हमी. शेवटी पत्ता आणि ‘पत्रव्यवहार गुप्त ठेवला जाईल’. साच्यात एक गोष्ट मला दिसत नाही: माणसं मुळातच वेगवेगळी असतात, हे चरकाचं साधं वाक्य. ते छापलं तर माल कसा खपणार?

यात राजकारणही मिसळलं. आपण गुलाम का झालो, याचं एक उत्तर तेव्हा सर्रास दिलं जाई: आपली पिढी दुबळी झाली. मग व्यायामशाळा, तालमी, ब्रह्मचर्याची पुस्तकं. विद्यार्थ्याने वीर्य राखणं हे जवळजवळ देशकार्य ठरलं. त्याच सुमारास वैद्यमंडळीही आपली प्रतिष्ठा परत मिळवायला धडपडत होती. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने १९०७ मध्ये नाशिकला पहिलं वैद्यसंमेलन भरलं. सरकारी दवाखाने डॉक्टरांच्या हातात होते. पण या रोगाबद्दल डॉक्टर एकतर हसायचा किंवा उपदेश करायचा, आणि रोगी परत वैद्याकडेच यायचा. सगळेच वैद्य भीती विकत होते असं नाही. पण बाजारात भीतीला मागणी होती आणि पुष्टीच्या औषधांवर पैसा होता, हे खरं.

कर्व्यांना आलेली पत्रं

१९२७ मध्ये रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. १९५३ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत ते चाललं. कर्वे मूळचे गणिताचे प्राध्यापक, संततिनियमनाच्या प्रचारापायी नोकरी गेलेले. त्यांच्या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली जात. श्रीकांत बोत्रे आणि डग्लस हेन्स यांनी या पत्रव्यवहाराचा अभ्यास केलाय आणि त्यातून त्या काळच्या मध्यमवर्गीय मराठी पुरुषाची चिंता समोर येते. हस्तमैथुन, स्वप्नावस्था, लिंगाचा आकार, लग्नानंतर जमेल का. नव्वद वर्षांपूर्वीचे ते प्रश्न, आणि माझ्या भावाचाही प्रश्न तोच.

कर्व्यांची उत्तरं कोरडी असत. हस्तमैथुनाने रोग होत नाही, झोपेत वीर्य जाणं स्वाभाविक आहे, पुष्टीच्या औषधांवर पैसे घालवू नका. ब्रह्मचर्याच्या महतीचीही ते टर उडवत. याच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली. खटला कर्वे हरले, दंड भरावा लागला. ‘यात घाबरण्यासारखं काही नाही’ असं छापणाऱ्याला शिक्षा झाली, आणि भीती छापणारे मात्र जाहिरातीचे दर देऊन आरामात छापत राहिले. माझ्या प्रबंधातलं हे प्रकरण लिहिताना मला दर वेळी याच ठिकाणी थांबावंसं वाटतं.

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविरुद्ध कायदा झाला. कामसुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींवर त्याने बंदी घातली. तरीही रेल्वेरुळांच्या कडेच्या भिंती आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. १९६० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्र विग यांनी या तक्रारींना ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. वीर्य जातंय या समजुतीतून येणारी चिंता, थकवा, उदासी. बरीच वर्षं हा खास भारतीय उपखंडाचा आजार मानला गेला, जणू आपल्या संस्कृतीतच काहीतरी आहे. मग २००४ मध्ये ब्रिटनच्या एका मानसोपचार नियतकालिकात सुमतिपाल, सिरिबद्दना आणि भुग्रा या तिघांनी लेख लिहिला, की एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतही हीच भीती होती. तिकडे ती ओसरली, इकडे टिकली.

ती इकडे का टिकली? माझं उत्तर असं: तिकडे वैद्यकाने ती भीती जाहीरपणे टाकून दिली. इकडे तिला ‘प्राचीन’ असं लेबल लागलं होतं, आणि प्राचीन गोष्ट टाकून देणं म्हणजे आपल्या माणसांचा अपमान, असं वाटायला लागतं. त्यामुळे जी गोष्ट चरकात नाही ती चरकाच्या नावाने जिवंत राहिली.

तर, भावाला काय सांगितलं?

गेल्या महिन्यात फोन केला. म्हटलं, “चाळीस थेंब वगैरे चरकात नाही. उलट अडवू नये असं लिहिलंय. आणि पहिलं कारण मन, असं सुश्रुत म्हणतो.” तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे मला काहीच झालेलं नाही?”

याचं उत्तर इतिहासाचा विद्यार्थी देऊ शकत नाही. म्हणून मी त्याला तेच सांगितलं जे तुम्हालाही सांगतो. झोपेत वीर्य जाणं हा आजार नाही. लघवी कधीकधी पांढुरकी दिसते त्याची साधी कारणं असू शकतात, आणि जळजळ किंवा वेदना असेल तर तपासणी करून घ्यावी. ताठरतेची अडचण सतत येत असेल तर ती लपवू नये, कारण कधीकधी मधुमेहाची किंवा रक्तवाहिन्यांच्या आजाराची ती पहिली खूण असते. उपचार शिकलेल्या, नोंदणीकृत माणसाकडून घ्यावेत, मग तो एमबीबीएस असो की बीएएमएस. नाव-पत्ता नसलेल्या पुडीत काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. कामशक्तीच्या ‘वनस्पतीजन्य’ औषधांत गुपचूप सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेक देशांत सापडलं आहे, आणि हृदयाची काही औषधं घेणाऱ्याला ते जिवावर बेतू शकतं.

तो तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन आला. तपासण्या ठीक आल्या. डॉक्टरीणबाईंनी त्याला दहा मिनिटं बसवून बोलू दिलं, त्याचंच त्याला जास्त अप्रूप वाटलं. लग्न झालं. मी गेलो होतो. जेवणाच्या पंगतीत त्याने माझ्या पानात जिलेबी वाढली आणि हळूच म्हणाला, “दादा, ते हत्ती-चिमण्याचं लिहून पाठव ना. मित्राला दाखवायचंय.”

म्हणून हा लेख. तुमच्या ओळखीतही असा एखादा मित्र असेल. त्याला पाठवा.

पुढच्या वेळी लिहीन त्या काळच्या स्त्रियांसाठीच्या औषधी जाहिरातींबद्दल. तिथे भीती वेगळी होती, पण पार्सल येत होतं त्याच टपालाने.